मदत हवी आहे: तबल्याच्या रियाजासाठी जागा, कोथरूड

आम्ही तिघं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. एक रूममेट रात्रपाळी करून सकाळी झोपतो आणि मला रियाजाला वेळ मिळतो तो सकाळी ६ ते ७:३०. खाली जाड सतरंजी घातली, तरी डग्ग्याची (डाव्या हाताने वाजतो त्या मोठ्या भांड्याची) घुमक फरशीतून जातेच. शाईवर (कातड्यावरच्या काळ्या गोलावर) रुमाल टाकला तर घिस्साच (मनगट घासून काढलेला आवाज) ऐकू येत नाही, हात बिघडतो. गच्चीला कुलूप. टेकडीवर दवाने पुडी (वरचं कातडं) सुरातून उतरते, मग सूर लावण्यातच वेळ जातो. गांधर्व मंडळाची मध्यमा ही तबल्याची परीक्षा द्यायची आहे, त्यामुळे रोज बसणं भागच आहे. दुचाकी आहे, महिना १५०० देऊ शकतो. कोथरूड-कर्वेनगरात देवळाचा सभामंडप, क्लासची रिकामी खोली असं काही सकाळी मिळतं का? कोणाला भेटावं?