रडकी नाटकं अडगळीत टाका म्हणणाऱ्यांना उत्तर

दांडियाबाजारचा_नातू

काल 'सरळसोट' यांनी इथे लिहिलं की मराठी नाटक-सिनेमातले अश्रुपात म्हणजे प्रेक्षकांच्या बुद्धीचा अपमान आहे, राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' आता फक्त अभ्यासक्रमापुरतं ठेवावं, आणि त्यातल्या सिंधूला पाहून डोळे पुसणारा माणूस एक तर म्हातारा असतो नाहीतर ढोंगी. मी म्हातारा नाही. ढोंगी आहे का ते बायकोला विचारून कळवतो.

पहिली गोष्ट, आपण कुठे बसून बोलतोय याचं तरी भान ठेवा. या नाटकाचा पहिला प्रयोग आपल्या बडोद्यात झाला, २० फेब्रुवारी १९१९ ला. गंधर्व नाटक मंडळी, सिंधू बालगंधर्व, सुधाकर गणपतराव बोडस. गडकरी त्याआधी महिनाभर, २३ जानेवारीला गेले. त्यांनी प्रयोग पाहिलाच नाही.

आता मुद्दा. वकील सुधाकरची सनद जाते, तो दारूचा प्याला हातात घेतो, त्याची बायको सिंधू लोकांची दळणं दळते, बाळाचा जीव जातो, मग तिचा, मग हा विष घेतो. एकाच संसारात एवढं सगळं! अती आहे, कबूल. पण ते अती आहे हे गडकऱ्यांना कळत नव्हतं असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी तळीराम पुन्हा वाचावा. दारुड्यांचं आर्य मदिरामंडळ काढून सभासंमेलनांच्या भाषणबाजीची टर उडवणारा लेखक भाबडा कसा? त्याला हसं कशाचं होतं ते पक्कं ठाऊक आहे, आणि तरी सिंधूच्या प्रवेशात तो पूर्ण आवाज लावतो. मला लोभ वाटतो तो याचा. हल्ली पात्राचा गळा दाटला की दुसरं पात्र लगेच कोटी करतं, नाहीतर कॅमेरा खिडकीबाहेरचा पाऊस दाखवतो. उद्या कुणी हसलंच तर लेखक म्हणायला मोकळा, मी कुठं मनापासून लिहिलं होतं! गडकऱ्यांनी असली पळवाट ठेवली नाही.

लहानपणी आमच्या वाड्याच्या गणपतीत याचे निवडक प्रवेश केले होते. सिंधू झालेल्या काकू बँकेतून थेट आल्या होत्या आणि मनगटावरचं घड्याळ काढायचं राहून गेलं. ठिगळाचं लुगडं, मोकळे केस, आणि जात्याचा खुंटा फिरवला की सोनेरी पट्टा दिव्यात लखलख. पहिल्या दोन फेऱ्यांना आम्ही पोरं खिदळलो. शेवटच्या प्रवेशातही घड्याळ तिथेच होतं, आणि माझ्या शेजारचा सगळ्यात टवाळ मुलगा बाहीला नाक पुसत होता. यात कुणाच्या बुद्धीचा अपमान झाला ते सरळसोट यांनी सांगावं.

सरळसोट

घड्याळाची गोष्ट गोड आहे. मुद्दा मात्र नाही. तुम्हाला गडकरी आवडत नाहीत, तुम्हाला तुमचा वाडा आवडतो. तो पडून तिथे कॉम्प्लेक्स झालं असणार, त्याचं रडू तुम्ही सिंधूच्या नावावर खपवताय.

'श्यामची आई'चंही तेच. न्हाऊन आलेल्या श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई दगडावर ओचे पसरते, हे मी मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "चप्पल नव्हती का?" मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

फतेगंजकर

@सरळसोट, उत्तर सोपं होतं. चप्पल असती तर आईला पुढचं वाक्य बोलायला जागा मिळाली नसती, की तळव्यांना जपतोस तसं मनालाही जप. साने गुरुजींनी ते पुस्तक नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहून काढलं. सावकाश घोटत बसले असते तर कुणीतरी शहाण्यानं तो ओचाच काढायला लावला असता. मग राहिलं असतं ते सुविचाराच्या फळ्यावर लिहायच्या लायकीचं एक वाक्य.

वन्समोअर

१९१९ चे प्रेक्षक भोळे होते आणि आपण हुशार, असा सूर दिसतोय. जरा विचार करा. तीस वर्षांचा पुरुष, म्हणजे बालगंधर्व, लुगडं नेसून उपाशी बाईचं दुःख गातोय, लोक वन्स मोअर देतायत, आणि ती उपाशी बाई तेच दुःख पुन्हा पहिल्यापासून गातेय. हे खरं आहे असं समजून कोण रडत असेल? सगळं उघड असूनही रडायचे. आत्ताचा प्रेक्षक वन्स मोअर देत नाही, मोबाइल वर धरून रेकॉर्डिंग करतो. परवा एका प्रयोगाला माझ्या पुढच्या गृहस्थांनी अख्खा तिसरा अंक मला त्यांच्या स्क्रीनवर दाखवला! तिकीट माझं, प्रयोग त्यांच्या मेमरी कार्डात. अशांना आधी बाहेर काढा, मग अश्रूंचं बघू.

मांजलपूरची_मावशी

सगळे पुरुषच बोलताय म्हणून लिहिते. तुम्हाला सिंधू लोभस वाटते, वाटणारच. तुम्हाला कुणी सिंधू हो म्हणून सांगितलेलं नाही.

माझी काकू रावपुऱ्यात राहायची. काका प्यायचे. सकाळी काकूचा गाल सुजलेला असला की आजी शेजारणींना कौतुकानं सांगायची, "आमची सून म्हणजे अगदी सिंधू हो, तोंडातून शब्द नाही." ही शाबासकी होती! त्या नाटकानं दारू वाईट हे शिकवलं असेल, पण मार खाणारी बाई किती सुंदर दिसते हेही शिकवलं. त्यावर तुमच्यापैकी एकानं चकार शब्द काढलेला नाही.

आणि हो, रेडिओवर त्यातलं गाणं लागलं तर मी बंद करत नाही. यावरून लगेच जिंकल्यासारखं करू नका.

पडद्यामागचा

मी मालिकांच्या एडिटिंगमध्ये काही वर्षं काढली, म्हणून एक तांत्रिक गोष्ट. अर्ध्या तासाच्या भागाला साधारण २२ मिनिटांचा मजकूर लागतो. शूटिंग रात्री आवरतं, भाग दुसऱ्या दिवशी दाखवायचा असतो, आणि मोजलं की दोन मिनिटं कमी. मग सासूचा चेहरा, सुनेचा चेहरा, देव्हाऱ्यातली समई, परत सासू, प्रत्येक कटला तोच दणका. तिथे सुनेला रडू कथेमुळे येत नाही, घड्याळामुळे येतं (वाड्यातल्या काकूंच्या नव्हे). प्रेक्षकाला हे बरोबर कळतं, तो तेवढ्यात उठून कुकर लावून येतो. सरळसोट, तुमचा राग या पाणी घातलेल्या रडण्यावर आहे आणि तो रास्त आहे. बिल गडकऱ्यांच्या नावावर कशाला फाडता?

दमण_एक्सप्रेस

विषय निघालाच आहे तर बोलतो. ज्या गावात दारूविरुद्धचं सगळ्यात गाजलेलं मराठी नाटक पहिल्यांदा झालं, त्या गावाला १९६० मध्ये गुजरात राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे. उपयोग? पुण्याहून मेव्हणा आला की त्याला बाहेरच्या राज्यातला म्हणून परमिट. मी इथला, टॅक्स भरणारा, मला मात्र डॉक्टरांकडून लिहून आणावं लागणार की मला बरं नाही. नाटकानं कुणाची सुटली नाही, कायद्यानं कुणाची सुटली नाही. रडून काय होतं, सांगा.

दांडियाबाजारचा_नातू

भाऊ, हा धागा नाटकाचा आहे. परमिट दुसरीकडे काढा.

फतेगंजकर

कायद्यानं सुटली नाही हे कुणी सांगितलं? आमच्या चाळीत दोघांची सुटली. पैसेच पुरेनात.

दमण_एक्सप्रेस

दोघांची! वा. मग बाकीचे सगळे आम्ही त्या दोघांसाठी शिक्षा भोगतोय. आणि मावशी, तुमच्या काकांना बंदी असतानाही मिळत होतीच ना?

मांजलपूरची_मावशी

मिळत होती. पण त्यासाठी सायकल मारत गावाच्या टोकाला जावं लागायचं. तेवढ्या वेळात काकू जेवून घ्यायची.

दमण_एक्सप्रेस

हे बघा, हेच. परमिटवर मुद्द्याचं बोललं की कुणीतरी काकू आणून उभी करतं. शुद्ध गडकरी तंत्र.

मांजलपूरची_मावशी

घडलेलं सांगितलं की ते तंत्र, आणि तुमच्या मेव्हण्याचा पेग हा सामाजिक प्रश्न? हवे बस करा. वयाचा मान ठेवते म्हणून पुढचं लिहीत नाही.

वन्समोअर

वय कुणाचं जास्त ते ठरलंय का?

सरळसोट

दमणवाल्यांनी विषयाचा चोथा केला, तरी एक सांगतो. मावशींचं ते सायकलचं मला लागलं. का लागलं? त्यात जातं नाही, पद नाही, स्वगत नाही. दोन ओळी, आणि संपलं. म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं. धन्यवाद, मावशी.

मांजलपूरची_मावशी

धन्यवाद परत घ्या. दोन ओळींत मी सांगू शकते, कारण सोसलं ते मी नाही आणि काकूला जाऊनही बरीच वर्षं झाली. ती स्वतः सांगायला बसली की नशीब यायचं, मागच्या जन्मीचं पाप यायचं, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला शिव्या यायच्या, छाती पिटून घ्यायची, आणि सायकलची घंटा ऐकू आल्यावर ताट कसं मोरीत लपवलं ते हातवारे करून दाखवायची. एकच गोष्ट, दर वेळी थोडी वाढवून. आम्ही पोरी कधीकधी तोंडाला पदर लावून हसायचो. तीही मध्येच हसायची आणि पुन्हा सुरू करायची. तुमच्या हिशेबानं ते वाईट लेखन झालं. तिला दोन ओळींत आटप म्हणून सांगायला तुम्ही गेला असतात का?

सरळसोट

बरं. काकूंना सूट. गडकऱ्यांना नाही.

दांडियाबाजारचा_नातू

गडकऱ्यांनी तरी ते कुणाकडून उचललं असेल, अशाच कुठल्यातरी काकूकडून ना? आणि मावशी, आजीच्या त्या शाबासकीचा मुद्दा तुमचाच राहिला. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, गोड प्रवेश दाखवून तो झाकताही येत नाही.

मांजलपूरची_मावशी

चला, एवढं तरी कबूल केलंत. उशिरा का होईना.

दमण_एक्सप्रेस

परमिटचा वेगळा धागा काढला आहे. मेव्हणाही येतोय तिथे. काकू आणणाऱ्यांना प्रवेश नाही.