परदेशात 'तुमची संस्कृती दाखवा' म्हणाले, एका तासात नेमकं काय दाखवू?

हो_म्हणून_बसले
इथे येऊन दीड वर्ष झालं. लेकाला लायब्ररीत गोष्टीच्या तासाला नेते, तिथल्या बाईंनी परवा विचारलं की एका शनिवारी तासभर तुमच्या देशाबद्दल काही कराल का, आणि मी पटकन हो म्हणून बसले. आता पोटात गोळा आलाय. वीसेक लोक असतील, अर्धी पोरं आणि बाकी आजीआजोबा. रात्री जागून पीपीटी केली तर ४२ स्लाइड्स झाल्या, इतिहास भूगोल लोकसंख्या सगळं कोंबलंय, नवऱ्याला दाखवायला बसले तर तो नवव्या स्लाइडला मोबाईल काढून बसला. आणि खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं मी स्वतः आयुष्यात कधी केलेलं नाही, गूगल करून लिहिलंय. कोणी विचारलं की तुम्ही घरी असं करता का, तर काय तोंड दाखवू? अख्ख्या देशाच्या वतीने बोलणारी मी कोण असंही वाटायला लागलंय. कोणी केलंय का असं काही?

तिसरा_मजला
४२ स्लाइड्स!! अहो पोरं पळून जातील. मी मुलीच्या शाळेत तीनदा केलंय, पहिल्या वेळी माझाही पार पचका झाला होता. अर्धा तास बडबडलो, मग म्हटलं काही प्रश्न? तर एकाने हात वर करून विचारलं, तुमच्याकडचे कुत्रे तुमच्या भाषेत भुंकतात का. मी म्हटलं हो, भो भो करतात. झालं! वर्गात निम्म्या पोरांच्या घरी वेगवेगळ्या भाषा, प्रत्येकाला आपला कुत्रा सांगायचा होता, जपानी कुत्रा वान वान करतो म्हणे. मग कोंबडा आला, जर्मनमध्ये किकेरिकी, फ्रेंचमध्ये कोकोरिको, आपलं कुकूचकू. मी काहीही न करता वीस मिनिटं गेली आणि तेवढीच सगळ्यांच्या लक्षात राहिली.

दुसऱ्या वेळेपासून मी एकच गोष्ट करतो, प्रत्येकाचं नाव आपल्या लिपीत लिहून द्यायचं. जाड मार्कर, कार्डाचे तुकडे, बस. पण एक लक्षात ठेवा, स्पेलिंग बघून लिहू नका, त्यांना नाव म्हणायला लावा आणि कानाला येईल तसं लिहा. एका वर्गात दोन सारा होत्या, एकीच्या नावात शेवटी एच आणि दुसरीच्या नाही, त्यावरून म्हणे त्यांची वर्षभर भांडणं. माझ्या कार्डांवर दोघींचं नाव सेम टू सेम, दोघी कार्डं शेजारी धरून बघत बसल्या. वर रेघ का ओढता हा प्रश्न हमखास येतो, उत्तर तयार ठेवा (मला आलं नव्हतं). आणि शेवटची रेघ त्यांनाच ओढू द्या, तिथे सगळ्यांची जीभ बाहेर येते.

वरणभातवाली
अगं, 'आमच्या देशात' हे दोन शब्दच काढून टाक. 'आमच्या घरी' म्हण. मग कोणी चूक काढू शकत नाही, आणि जे करत नाहीस ते 'माझी आजी करायची, मला येत नाही' असं सरळ सांग. मी हे म्हटल्यावर समोरच्या एक आजी म्हणाल्या, मलाही माझ्या आईचं विणकाम येत नाही, आणि मग त्याच अर्धा तास बोलल्या. मी नुसती ऐकत होते.

उगाच_शंका
मी जरा वाकडं बोलतो. हे 'तुमची संस्कृती दाखवा' प्रकरण मला प्राणिसंग्रहालयासारखं वाटतं, रंगीत कपडे घाला, गाणं म्हणा, टाळ्या, टाटा. त्यापेक्षा त्या बाईंना आधी विचारा की लोक तुम्हाला काय विचारू शकतात आणि तुम्ही त्यांना काय विचारलेलं चालेल. डेन्मार्कमध्ये २००० साली मानवी ग्रंथालय म्हणून सुरू झालं, त्यात पुस्तकाऐवजी माणूस थोड्या वेळासाठी वाचायला मिळतो, समोरासमोर बसून प्रश्न विचारायचे. तुमच्याकडच्या आजीआजोबांना तसं एक टेबल करून द्या, स्लाइड्सपेक्षा बरं.

बाकी कटकटीच्या गोष्टी. मानधन देतो म्हणाले तर आधी व्हिसाच्या अटी वाचा, बऱ्याच व्हिसांवर पैसे घेऊन काम चालत नाही. पोरांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नका. खायचं काही नेणार असाल तर लायब्ररीची परवानगी आणि आत काय काय घातलंय त्याची चिठ्ठी, दाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं एक तरी पोर निघतंच. आणि दाखवायला म्हणून मायदेशातून पिसं, शिंपले, कातडं असलं काही मागवू नका. माझी पिसांची एक वस्तू विमानतळावर जप्त झाली. धोक्यातल्या प्राण्या-वनस्पतींच्या व्यापारावर १९७५ पासून आंतरराष्ट्रीय करार लागू आहे हे मला तिथल्या काउंटरवर उभं राहून कळलं, विकणारा कशाला सांगतोय.

हो_म्हणून_बसले
प्राणिसंग्रहालय वाचून आधी राग आला, मग जाऊन एक साडी नेसायचा विचार होता तो रद्द केला :) नेहमीचेच कपडे घालून जाणार.

४२ च्या ३ केल्यात. एक नकाशा, एक आमच्या जुन्या घराच्या दाराचा फोटो, एक कोंबडा. मानधन वगैरे नाहीये, विचारलं. लायब्ररीतल्या बाईंना नाव म्हणायला लावलं आणि सराव म्हणून लिहायला बसले, तर ल ला काना द्यायचा का नाही यावरून आमच्या घरातच दोन तट पडलेत. नवरा म्हणतो काना, मी म्हणते नको. लेक म्हणतो त्यांनाच परत विचारून ये.