नुकत्याच व्यालेल्या गाईच्या गळ्यात सेन्सर हवाच

पहाटधार (धागाकर्ती)
गाय दुखणं दाखवत नाही, लपवते. ज्याची शिकार होते त्या जनावराचा तो स्वभावच. कान पडलेले, डोळे खोल गेलेले, दूध निम्म्यावर आलेलं आपल्या नजरेत भरतं, तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो.

माझ्या एका गाईने व्याल्यावर सहाव्या दिवशी खुराक सोडला. वैरण खात होती. मला वाटलं, विण्याचा थकवा असेल. नवव्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा किटोसिस (ऊर्जा कमी पडून रक्तात केटोन वाढण्याचा आजार) होताच, वर चौथं पोट डावीकडे सरकलेलं. ऑपरेशन केलं, पण गाय गेली. ते तीन दिवस मला आजही टोचतात.

त्यानंतर मी गळपट्टे घेतले. मानेच्या हालचालीवरून पट्टा रवंथाची मिनिटं मोजतो. निरोगी गाय दिवसातून साधारण ७-८ तास रवंथ करते. तो आकडा गाईगाईत वेगळा असतो, म्हणून तुलना शेजारणीशी नाही, तिच्याच मागच्या दिवसांशी करायची. किटोसिस, पोट सरकणं, गर्भाशयाचा दाह यांत रवंथ बहुतेक वेळा बाहेरच्या लक्षणांच्या आधी घसरतो.

माझं म्हणणं असं: विण्याआधीचे ३ आठवडे आणि नंतरचे ३ आठवडे गाईच्या गळ्यात पट्टा असलाच पाहिजे. आजारांची सगळ्यात जास्त गर्दी याच काळात असते.

गव्हाणकाठ
असहमत. ताई, गाय गेल्याचं दुःख मी जाणतो, म्हणून स्पष्ट बोलतो. तुमच्या गाईने खुराक सोडून वैरण धरली, हे तुम्ही सहाव्या दिवशीच पाहिलं होतं. किटोसिसची ती जुनी, ओळखीची खूण. कमी पडली ती नजर नव्हे, खुणेचा अर्थ. पट्ट्याने फार तर "रवंथ कमी" म्हटलं असतं आणि तुम्ही पुन्हा थकवाच म्हटला असता. त्या दिवशी केटोनची पट्टी आणि थर्मामीटर हाताशी असते, तर गाय वाचली असती असं मला वाटतं.

मी ३० वर्षं धारा काढतोय. गोठ्यात शिरल्यावर कोण उठत नाही, कोणाचं शेण बदललंय, कोण गव्हाणीपासून लांब उभी आहे, हे आधी दिसतं. ही नजर रोज वापरली तरच टिकते.

खुरांचा डॉक्टर
मी पशुवैद्यक आहे. माझा विरोध सेन्सरला नाही, "हवाच" या शब्दाला आहे. एक हिशोब मांडतो. १०० गाई, त्यात आज २ आजारी. समजा यंत्रणा आजारी गाईंपैकी ९० टक्के ओळखते आणि निरोगी गाईंपैकी ९५ टक्क्यांना निरोगी म्हणते. ऐकायला उत्तम. पण ९८ निरोगी गाईंतल्या ५ टक्के म्हणजे जवळपास ५ गाईंचा इशारा खोटा. ७ इशारे, त्यांत खरे २. हे रोज घडलं की तिसऱ्या आठवड्यात माणूस फोन उलटा ठेवतो आणि खरा इशाराही त्यातच जातो.

दुसरं, दुग्धज्वर. नावात ज्वर, पण गाईचं अंग उलट गार पडतं, कारण रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं. बहुतेकदा व्याल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत, काही तासांतच गाय बसते आणि उठू शकत नाही. विण्याच्या दिवशी निरोगी गाईचाही रवंथ कमी असतो, त्यामुळे पट्ट्याला वेगळं काही दिसेलच असं नाही. तिथे माणूसच जागा हवा.

आणि माझी खरी धास्ती: इशारा आला की गाय न तपासता अँटिबायोटिक टोचणं. हे मी पाहिलेलं आहे. किटोसिसवर त्याचा काडीचा उपयोग नाही, दुधात औषध उतरतं म्हणून ते मात्र बहुतेकदा टाकून द्यावं लागतं.

चार सड
कासदाहाबद्दल जोडतो. सुजलेल्या कासेतून दुधात सोडियम आणि क्लोराइड उतरतात, म्हणून दुधाची विद्युतवाहकता वाढते. मशीनमधला सेन्सर तीच मोजतो. चारही सडांचं दूध वेगवेगळं मोजलं आणि एकच सड वर गेला, तर त्यात अर्थ आहे. एकत्र दुधाच्या आकड्यावर माझा भरवसा नाही. सुप्त कासदाहात दूध डोळ्यांना स्वच्छ दिसतं, पण त्यातल्या पेशी (मुख्यतः पांढऱ्या रक्तपेशी) मिलीलीटरला २ लाखांच्या वर असतात. गव्हाणकाठ, इथे ३० वर्षांची नजरही पोचत नाही.

जाळीपोट
पोटातला बोलस वापरतो, म्हणजे गाईला गिळायला दिलेला, पोटातच राहून तापमान मोजणारा सेन्सर. सुरुवातीला तापमान मध्येच काही अंशांनी कोसळलेलं दिसायचं आणि मी धावायचो. गाय नुकतीच गार पाणी प्यायलेली असायची! आता त्याच खड्ड्यांवरून ती किती वेळा पाणी प्यायली ते मोजतो. पाणी तुटलं की मी जाऊन बघतो.

पहाटधार
गव्हाणकाठ, तुमचं म्हणणं लागलं, कारण खरं आहे. अर्थ मलाच लागला नाही. आता इशारा आला की ठरलेलं काम करते: थर्मामीटर, केटोनची चाचणी, डाव्या बरगड्यांवर टिचकी मारत स्टेथोस्कोप. ताप ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर किंवा पोटातून टणत्कार (पोट सरकल्याची खूण) आला की डॉक्टरांना फोन. टोचणं त्यांचं काम.

डॉक्टर, हिशोब मान्य. पण ७ गाई नीट तपासणं माझ्या आवाक्यात आहे, १०० नाही. शिवाय खोट्या इशाऱ्यांतले काही माजाचे निघतात, माजातही रवंथ कमी होतो. सगळ्या कळपाचा एकदम उतरला तर चारा नाहीतर उष्मा तपासते.

गव्हाणकाठ
आणि उरलेल्या ९३? त्यांच्याकडे कोण बघणार? गोठ्यात नवीन आलेला मुलगा फोनवरच्या सातच गाई बघायला शिकतो. पाय किंचित उचलून टाकणारी गाय त्या यादीत नसली, तर खुरात पू होईपर्यंत राहते.

खुरांचा डॉक्टर
याला मी अनुमोदन देतो. पाठीला बाक देऊन चालणारी गाय दहा पावलांत ओळखता येते.

पहाटधार
ठीक. उद्यापासून फोन न उघडता आधी गोठ्यात फेरी, ज्या गाईंची शंका येईल त्यांचे नंबर वहीत, मग पट्ट्याची यादी. पुढच्या १२ गाई विईपर्यंत दोन्ही नोंदी ठेवते. कोणाला आधी कळलं आणि कोणाचं काय सुटलं, ते इथेच लिहीन. पट्टा हरला तर तेही लिहीन.