पोरांच्या ऑपरेशनचा वण: झाकायचा की मिरवायचा?

आर्वीची_आई
परवा इथे एकाने लिहिलं की ऑपरेशनच्या खुणा झाकणारे आईबाप पोरांना लाजायला शिकवतात, उलट "ही माझ्या शौर्याची खूण" असं त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचं. तेव्हापासून डोक्यात बसलंय. माझी मुलगी सात वर्षांची, तिसऱ्या वर्षी हार्टचं होल बंद केलं, छाती उघडून. युनिफॉर्मच्या गळ्यातून रेघ बोटभर दिसतेच. आम्हीपण घरात शौर्य-शौर्य केलं, मग गॅदरिंगला बाईंनी स्टेजवर बोलावून सांगितलं ही आमची फायटर. घरी येऊन म्हणते, आई मी तर झोपले होते, मी काय केलं? काय उत्तर देणार हो? आता आमचं एकच वाक्य ठरलंय, "लहानपणी हार्टचं ऑपरेशन झालं, आता बरी आहे", आणि खेळायला पळायचं. नसेल सांगायचं तर नाही सांगायचं. गळा बंद हवा की मोकळा तेही तीच ठरवते.

सह्यकडा
ते लिहिणारा मीच. सात वर्षांची पोर काय ठरवणार, घरात जे बघते तेच ठरवते. माझं ऑपरेशन १९८९ चं, सहा वर्षांचा होतो. आई वणाबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही, फक्त पाहुणे आले की दारातच माझ्या शर्टाचं वरचं बटण लावायची. गावच्या विहिरीवर सगळी पोरं धडाधड उड्या मारायची आणि मी बनियन घालून काठावर, त्यांचे कपडे सांभाळत. चाळिशी उलटली, अजून पोहता येत नाही. तेव्हा कुणीतरी मिरव म्हणायला हवं होतं मला.

मोगरा७२
बटण लावणारी आई वाईट नसते. मुलीच्या आईला विचारा, लोक पोरीच्या तोंडावर म्हणतात लग्नाचं कसं व्हायचं. आणि वण कमी कसा करायचा ते कुणीच का लिहीत नाही? आम्ही हळद आणि खोबरेल रोज चोळलं, पार पुसट झाला.

रात्रपाळी
लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, हात जोडते, टाक्यांवर हळद नको. इन्फेक्शन छातीच्या हाडापर्यंत गेलेलं बघितलंय मी. जखम पूर्ण भरू द्या, मग हलका मसाज, सिलिकॉनची पट्टी किंवा जेल, आणि ऊन टाळा, नवा वण उन्हाने काळवंडतो. सुरुवातीला लाल-जाड दिसतो, वर्ष-दीड वर्षात बराचसा आपोआपच फिका पडतो.

मोगरा७२
म्हणजे आमच्या आज्या वेड्या होत्या का?

एसटीवाला
पट्टीची किंमत बघा मॅडम. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांना पोराच्या छातीत आवाज आला म्हणून कळलं, ऑपरेशन योजनेतून झालं, एक रुपया लागला नाही. पट्टी मात्र खिशातून. दोन घेतल्या, तिसरीला पैसे नव्हते. हळद घरात असते म्हणून लोक लावतात, हौस नसते.

रात्रपाळी
दादा, खरंय. पट्टी नाही परवडली तर नुसता मसाज करा, साधं खोबरेलही चालेल. पण वण जखमेच्या कडा ओलांडून पसरायला लागला तर केलॉइड असू शकतो, छातीवर जास्त होतो. तेव्हा घरचे उपाय बंद, डॉक्टरकडे जा. नुसता कापून काढला तर बहुतेक वेळा परत येतो.

मोगरा७२
ताज्या जखमेवर लावा असं मी म्हटलंच नव्हतं, नीट वाचत जा आधी. बरं, टाक्यांवर हळद नको, एवढं मान्य. लग्नाचं जे बोलले त्याला मात्र कुणीच उत्तर दिलेलं नाही.

आर्वीची_आई
मी देते. माझ्या नणंदेने तेच म्हटलं, लेकीसमोर. मी म्हटलं, तिच्यासमोर परत असं बोलायचं नाही. बोलणाऱ्याला थांबवायचं, पोरीला का झाकायचं?
सह्यकडा, विहिरीचं वाचून पोटात तुटलं. पण तुमच्या आईने बटण लावलं आणि मी स्टेजवर चढवलं, पोराला विचारलं कुणीच नाही. मागच्या फॉलोअपला एक्सरेत, ऑपरेशनला कापलेलं छातीचं हाड जोडायला बांधलेल्या तारा दिसल्या, तिने बोट लावून मोजल्या, पाच. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला सांगून आली, माझ्या आत तारा आहेत. मिरवलीच की, मान्य करते. पण आपणहून.

सह्यकडा
"म्हणवून घ्यायचं" हे माझं चुकलं. मिरवण्याचं मागे घेत नाही. तारांचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझे एक्सरे आईने पाकिटासकट कपाटात ठेवलेत, मी कधी उघडून बघितले नाहीत. या रविवारी गावी जातोय, काढतो.