मदत हवी आहे: रायफलच्या नळीसाठी कोणते क्लीनर घ्यावे?

नमस्कार. लक्ष्यावरील नेमबाजीसाठी वापरात असलेल्या ०.३०८ कॅलिबरच्या बोल्ट-अ‍ॅक्शन (मागचा बोल्ट म्हणजे खटका हाताने सरकवून गोळी भरायच्या) रायफलची नळी साफ करण्यासाठी द्रावण निवडायचे असून, त्याबाबत अनुभवी नेमबाजांचे मार्गदर्शन हवे आहे. दारूची काजळी साध्या सॉल्व्हेंटने निघते; खरी अडचण आहे ती गोळीच्या तांब्याच्या आवरणाचा जो थर आतल्या आट्यांना (नळीतल्या नागमोडी खाचांना) चिकटून राहतो, त्याची. बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली की तोंडाजवळ त्याची लालसर चमक स्पष्ट दिसते.

अमोनियायुक्त द्रावण हा थर लवकर विरघळवते आणि नळीतून फिरवलेली चिंधी तांब्यामुळे निळी पडते, पण ते नळीत फार वेळ राहिल्यास पोलादाला इजा होऊ शकते, शिवाय त्याचा उग्र वास बंद खोलीत असह्य होतो (हे वापरणाऱ्यांना सांगायला नकोच). अमोनियाविरहित फोम सौम्य, मात्र त्याला मुरायला वेळ द्यावा लागतो. माझा कल फोमकडेच आहे. कांस्याच्या ब्रशचे तांबेही विरघळून चिंधी फसवी निळी होते, म्हणून ब्रश नायलॉनचा घेणार आहे.

जुना, साचलेला थर केवळ फोमने पूर्ण निघतो का, की अधूनमधून अमोनिया लागतोच? आणि रायफल बरेच दिवस ठेवून द्यायची असल्यास, सफाईनंतर नळीत कोणत्या प्रकारचे तेल लावावे?