मदत हवी आहे : खाचर भरलं की पाऊस येतो, थांबलं की भेगा पडतात

पवनेकाठी : पंधरवड्यात दुसऱ्यांदा झालं. मोटर लावून भाताचं खाचर काठोकाठ भरलं, पहाटे पाऊस कोसळला, सगळं पाणी बांधावरून खाली. आदल्या दिवशी फेकलेला युरियाही त्यातच गेला. न भरावं तर चार दिवसांत भेगा. पाणी किती ठेवायचं आणि मोटर कधी लावायची, एवढंच सांगा. शनिवारच्या आत हवंय.

बांधावरचा : वाण कुठला? लावणी कधीची? क्षेत्र किती? जमीन?

पवनेकाठी : इंद्रायणी, २० गुंठे. लावणी जुलैच्या मध्याला. जमीन नेहमीचीच आपली.

बांधावरचा : नेहमीची म्हणजे काय हो? मावळात तांबडीही आहे नि काळीही.

रानमेवा : इंद्रायणी वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातली खरी, पण पुण्यात त्या नावाने काय काय विकतात! आंबेमोहोर लावा, घरात वास दरवळतो.

बांधावरचा : आंबेमोहोर लोळतो, आणि लावणी होऊन गेलीय त्यांची.

चारसूत्रीवाला : युरिया फेकलात तिथेच चुकलं. चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपी खतांच्या गोळ्या चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मध्ये ७ ते १० सेंमी खोल खोचा, पाऊस काही वाहून नेत नाही. लावणी मात्र जोडओळीत हवी, अंतर आलटून पालटून १५ आणि २५ सेंमी.

कोथरूडचा शेतकरी : दोरी धरून लावायला बायका मिळतात का तुमच्याकडे? आमच्याकडे रोजंदारी ऐकूनच घाम फुटतो.

चारसूत्रीवाला : पहिल्या वर्षी वेळ लागतो. नंतर खत बरंच वाचतं.

बांधावरचा : ते पुढच्या वर्षीचं झालं. आता ऐका. काठोकाठ भरलं की पावसाला जागाच उरत नाही. मोटरने २-३ सेंमीच द्या आणि बांधाची सांड, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, ८-१० सेंमीवर ठेवा. मधली जागा पावसाची. तुमच्या २० गुंठ्यांत ५ सेंमी पाऊस अडला की लाखभर लिटर पाणी, तेही बिनविजेचं. मोटर कधी लावायची ते पाइपला विचारा. प्लॅस्टिकचा ३० सेंमीचा तुकडा घ्या, खालच्या निम्म्याला भोकं पाडा, तेवढाच भाग जमिनीत गाडा आणि आतला चिखल काढा. आतलं पाणी जमिनीखाली १५ सेंमीपर्यंत उतरलं की मोटर. पोटरी (कणीस पोटात) ते निसवण (कणीस बाहेर) मात्र हा खेळ नको, तेव्हा पाणी उभंच हवं. युरिया द्यायचा तर आधी पाणी उतरवा, मग तो चिखलात टाका, मग दोन दिवस सांड बंद.

आज्ञाधारक : शेततळ्याचं अनुदान घ्या की सरळ.

पवनेकाठी : २० गुंठ्यांत तळं खणलं तर भात कुठे लावू? पाइप लावतो. पण रोज बघणार कोण? मी फक्त शनिवार-रविवारी जातो, एरवी चुलते असतात.

बांधावरचा : हे आधी सांगायचं ना राव! म्हणून काठोकाठ भरत होतात, आठवड्याची बेगमी. चुलत्यांना रोज सकाळी काडीने मोजायला सांगा.

पवनेकाठी : मोजलं त्यांनी. पाऊस नव्हता तरी एका रात्रीत ४ सेंमी गेलं. भात एवढं पितो?

कोथरूडचा शेतकरी : चिखलणी कच्ची राहिली असणार. आमच्या ट्रॅक्टरवाल्याने तर...

बांधावरचा : भात दिवसाला ५-६ मिमी पितो. जमिनीत मुरणारं पाणी धरलं तरी रात्रीत ४ सेंमी जाणार नाही. बांध बघा, खालच्या बाजूने. मुठ्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं असतील.

पवनेकाठी : आज गेलो होतो. खालच्या बांधाला तीन बिळं, एकात मनगट जाईल एवढं. चिखल आणि पेंढा कोंबून बुजवली. सांड विटेने वर घेतली. मोटर नाही लावली, पूर्वा नक्षत्राचा पाऊस दिसतोय. चुलते म्हणाले, बिळं त्यांना माहीत होती, मी विचारलंच नाही कधी.

रानमेवा : आणि मुठे? सोडून दिले की काय?