बॅटरी बदलल्यावर गाडी सिग्नलला बंद पडते: गाडीवाल्यांच्या ग्रुपवरची चर्चा

नीलेश (बी-३०४): काल बॅटरी बदलली आणि तेव्हापासून सिग्नलला क्लच दाबला की गाडी बंद पडते. एसी चालू असेल तर हमखास. १.२ पेट्रोल, मॅन्युअल, ६८ हजार किमी. सेल्फ लगेच लागतो, पिकअप नेहमीसारखा. बॅटरी परत द्यायची का?

जोशीकाका (सी-१०२): बॅटरी ठेव. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा पाकळीने कमी-जास्त करणारा भाग, आतून काळी झालेली असणार. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आजवर सांभाळून घेत होता, टर्मिनल काढल्यावर त्याने शिकून ठेवलेलं पुसलं गेलं.

राऊत (डी-५०३): नाक्यावरचा मेकॅनिक थ्रॉटलचा स्क्रू थोडा फिरवून आयडलिंग (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) वाढवून देतो. पाच मिनिटांचं काम आहे.

जोशीकाका (सी-१०२): राऊतसाहेब, तो स्क्रू अजिबात फिरवू देऊ नका. तो आयडलिंगचा नाहीच. पाकळी बॉडीला घासून अडकू नये म्हणून कारखान्यात लावून वर रंगाचा ठिपका दिलेला असतो. तो हलला की ईसीयूचं 'पूर्ण बंद' हे मोजमापच चुकतं आणि पुढची सगळी गणितं बिघडतात. कार्ब्युरेटरच्या गाड्यांची सवय अजून सुटलेली नाही.

मृणाल (ए-७०१): काकांचं बरोबर आहे. नीलेश, कारण थोडं सविस्तर सांगते.

आयडलला पाकळी बंद दिसते, पण पूर्ण बंद नसते. १.२ लिटरचं गरम इंजिन ७५०-८०० आरपीएमवर सेकंदाला साधारण २ ग्रॅम हवा घेतं. थ्रॉटलच्या आत दाब ३५ किलोपास्कलच्या आसपास असतो आणि बाहेर पुण्यात ९५, त्यामुळे हवा फटीतून ध्वनीच्या वेगाने जाते. अशा वेळी किती हवा आत जाईल हे फटीच्या क्षेत्रफळावरच ठरतं, आणि २ ग्रॅमसाठी जेमतेम १० चौरस मिलिमीटर लागतात. ५० मिमीच्या पाकळीचा घेर १५७ मिमी, म्हणजे सगळ्या कडेने मिळून सरासरी फट ०.०६ मिमी. डोक्याच्या केसाइतकी! त्यावर ०.०२ मिमी काजळी बसली तर आयडलची एक तृतीयांश हवा गेली. पूर्ण रेस दिल्यावर मात्र जवळपास १९०० चौरस मिमी उघडतं, तिथे तेवढ्या काजळीने काहीच फरक पडत नाही. म्हणून तुझा पिकअप ठीक आहे आणि सिग्नलला गाडी मरते.

नीलेश (बी-३०४): मृणालताई, मग परवापर्यंत ती बंद का पडत नव्हती?

मृणाल (ए-७०१): कारण काजळी हळूहळू साठते. आरपीएम ठरलेल्यापेक्षा खाली जाऊ लागले की ईसीयू पाकळी किंचित जास्त उघडतो आणि तेवढी दुरुस्ती लक्षात ठेवतो. बऱ्याच गाड्यांत ही नोंद बॅटरीच्या पुरवठ्यावरच टिकते. बॅटरी काढली की ईसीयू नव्या, स्वच्छ थ्रॉटलचा कोन गृहीत धरतो, आणि तेवढ्या कोनात आता हवा पुरत नाही.

एसीचं असं, की कॉम्प्रेसर लागण्याच्या क्षणभर आधी ईसीयू पाकळी उघडून ठेवतो. लगेचचा झटका तो स्पार्क पुढे आणून, म्हणजे ठिणगी थोडी लवकर देऊन सावरतो, कारण मॅनिफोल्ड (थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंतचा हवेचा मार्ग) हवेने भरायला काही स्ट्रोक जातात. म्हणून आयडलला स्पार्क मुद्दाम थोडा मागे ठेवलेला असतो. हवेचाच तुटवडा असेल तर हे राखीव लगेच संपतं. त्यात नवी बॅटरी चार्ज होताना अल्टरनेटरचाही भार पडतो.

जोशीकाका (सी-१०२): नीलेश, ब्लूटूथ स्कॅनर आहे ना तुझ्याकडे? आधी इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून मॅप, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब बघ. मग इंजिन गरम करून, एसी बंद ठेवून आरपीएम, मॅप आणि बिघाडाचा कोड.

नीलेश (बी-३०४): इंजिन बंद: ९५. चालू: आरपीएम ५९० ते ६५०, मॅप ३८. कोड पी०५०६. थ्रॉटल १४ टक्के दाखवतंय, ते जास्त नाही का?

मृणाल (ए-७०१): १४ टक्क्यांना घाबरू नकोस, सेन्सरचा शून्य मुळातच वर असतो. पाकळीचा खरा कोन थोड्या अंशांचाच. इंजिन बंद असताना ९५ म्हणजे मॅप सेन्सर खरं बोलतोय. मुंबईत हाच आकडा १०१ यायला हवा. पी०५०६ म्हणजे आयडल ठरलेल्यापेक्षा कमी. कुठे व्हॅक्यूमची नळी फाटली असती तर उलट आरपीएम चढले असते आणि पी०५०७ आला असता. तुझ्याकडे काजळीच आहे.

जोशीकाका (सी-१०२): आता साफसफाई. गाडी थंड असू दे, चावी काढ, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडव. एअर फिल्टरचा पाइप आणि थ्रॉटलचा कनेक्टर काढून बॉडी पूर्ण खाली घे. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या भागातली) तेलाची वाफ मॅनिफोल्डमध्येच येते, म्हणून खरी घाण पाकळीच्या मागच्या बाजूला असते. पुढून फवारा मारून ती निघत नाही. काही बॉडींना कूलंटच्या नळ्या असतात, त्या उगाच काढू नकोस.

थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर मारायचा, थेट आत नाही, नाहीतर तो शाफ्टमधून सेन्सर आणि मोटरपर्यंत जातो. मऊ कापड, फार तर मऊ ब्रश. पॉलिश पेपर आणि कार्ब क्लीनर नको. कडेला कारखान्याचा पातळ लेप असतो, तो खरवडला तर आयडल कायमचं चढं राहतं. इग्निशन चालू असताना पाकळीला बोट लावायचं नाही. मोटर बोट चिमटते, आणि जोर लावला तर आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात.

गॅस्केट चेपलं असेल तर नवीन टाक. बोल्ट आलटून पालटून आवळ. एम-६ असतील तर सुमारे १० न्यूटन-मीटर बास.

मृणाल (ए-७०१): जोडल्यावर इग्निशन चालू करून, सेल्फ न मारता ३० सेकंद थांब. या वेळात ईसीयू पाकळीच्या टोकाच्या जागा मोजतो. मग बंद, १५ सेकंदांनी स्टार्ट. एसी, दिवे बंद, रेस नाही. रेडिएटरचा पंखा दोनदा फिरून थांबेपर्यंत चालू ठेव, मग एसी लावून ५ मिनिटं. काही मॉडेलना स्कॅनरनेच लर्निंग द्यावं लागतं, मॅन्युअल बघ. आरपीएम ७५०-८०० वर टेकले की झालं.

शिंदे (ए-२०३): माझ्या डिझेललाही हे करू का?

मृणाल (ए-७०१): डिझेलचं आयडल इंधनाच्या मात्रेवर चालतं, शिंदेकाका. तिथला फ्लॅप ईजीआरसाठी (थोडा धूर परत इंजिनात घेण्यासाठी) आणि इंजिन न हिसकता बंद व्हावं म्हणून असतो. तुमचं आयडल डळमळत असेल तर आधी इंजेक्टर तपासा.

जोशीकाका (सी-१०२): आणि नीलेश, लर्निंगची ती २० मिनिटं बेसमेंटमध्ये नको. कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. गेटजवळच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी घे, वॉचमनला तसं सांगून ठेवतो.